आधी औषध बदला, मग चान्स घ्या

पत्र :

‘मी ३१ वर्षांची आहे. पुण्यात बँकेत नोकरी करते. पाच वर्षांपूर्वी एका डोळ्याची नजर अंधूक झाली, पुढच्या वर्षी डावा पाय बधिर झाला आणि एमआरआयनंतर एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं (प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते, त्या आजाराचं) निदान झालं. तीन वर्षं त्यासाठी रोज फिंगोलिमोडची ०.५ मि.ग्रॅ.ची गोळी चालू आहे, तेव्हापासून अटॅक नाही, म्हणजे आजार पुन्हा उसळला नाही. पायाच्या जळजळीसाठी रात्री प्रिगॅबलिन आणि थकव्यासाठी सकाळी मोडाफिनिल घेते. गर्भनिरोधक गोळ्याही चालू आहेत. आता आम्हाला मूल हवं आहे. आई म्हणते, बाळंतपणाने अंथरूण धरशील. सासूबाई म्हणतात, मूल झालं की बाईचे असले आजार आपोआप जातात. ओळखीच्या एका पेशंटने सांगितलं, दोन महिने आधी गोळी बंद कर, बाकी काही लागत नाही. पुढच्या महिन्यापासून बंद करावी म्हणते. सिझेरियनच करावं लागेल का? अंगावर पाजता येईल का? बाळाला हा आजार होईल का? बाळंतपणाला कोल्हापूरला माहेरी गेलेलं चालेल का? आणि सगळ्यात मोठी भीती : मूल दहा वर्षांचं होईल तेव्हा मी चालत असेन ना?’

उत्तर :

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात आम्हाला काळजी वाटली ती एकाच वाक्याची : ‘पुढच्या महिन्यापासून बंद करावी म्हणते.’ तसं करू नका. मूल होऊ देण्यात तुमच्या मज्जासंस्थेला जेवढा धोका नाही, तेवढा फिंगोलिमोड मध्येच सोडण्यात आहे.

कारण असं. हे औषध लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना लसीका ग्रंथींमध्ये कोंडून ठेवतं, त्यामुळे त्या मेंदूपर्यंत पोचत नाहीत. औषध थांबलं की काही आठवड्यांत त्या पुन्हा रक्तात येतात. काही रुग्णांमध्ये आजार तेव्हा नुसता परतत नाही, पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. याला रिबाउंड म्हणतात. तो साधारणपणे गोळी सोडल्यानंतर पहिल्या महिन्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत दिसतो, आणि त्यात आलेलं अपंगत्व कधी कधी पूर्ण भरून येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये याबद्दल ठळक इशारा दिला होता. दोन महिने आधी गोळी थांबवायची, हे बाळाच्या बाजूने बरोबर आहे. हे औषध गर्भाला घातक ठरू शकतं. जन्मजात व्यंगाचं प्रमाण एरवी १०० बाळांत २ ते ३ असतं, ते या औषधावर असताना गर्भ राहिल्यास सुमारे दुप्पट होतं, म्हणून युरोपीय नियामकाने २०१९ मध्ये गर्भारपणात त्यावर बंदीच घातली. पण तुमच्या बाजूने पाहा. दोन महिने बिनऔषधाचे, नंतर दिवस राहायला चार-सहा महिने, म्हणजे उसळीचा सगळा काळ तुम्ही उघड्यावर काढणार. तुमच्या ओळखीच्या बाईंना त्रास झाला नसेल, पण तुम्हालाही होणार नाही असं त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून क्रम उलटा लावायचा : आधी अशा औषधावर जायचं जे गर्भधारणेच्या काळात पुरेसं संरक्षण देईल, आणि मग चान्स घ्यायचा. इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामर ही इंजेक्शनं गर्भारपणात चालू ठेवता येतील इतकी सुरक्षित मानली जातात. सौम्य आजाराच्या बाईसाठी ती उत्तम, पण फिंगोलिमोडनंतरची उसळी रोखायला ती बहुधा कमी पडतात. नॅटॅलिझुमॅब ताकदवान आहे, पण तेही थांबवलं की रिबाउंड येतो, म्हणून ते सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण ३० ते ३४ आठवड्यांपर्यंत चालू ठेवावं लागतं, आणि जन्मल्यावर बाळाचं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तपासावे लागतात. आपल्याकडे अशा वेळी जास्त वापरलं जातं ते रिटुक्सिमॅब, किंवा त्याच जातीचं ऑक्रेलिझुमॅब : दोन्ही बी पेशी या पांढऱ्या पेशी कमी करतात. त्यांचा एक मोठा फायदा असा, की सलाइनमधून घेतलेलं औषध शरीरातून गेल्यानंतरही परिणाम कित्येक महिने टिकतो. आमच्या मते तुमच्यासाठी हाच मार्ग बहुधा जास्त सरळ आहे, पण निर्णय तुमचा एमआरआय आणि अँटिबॉडीचे रिपोर्ट पाहून तुमचे न्यूरोलॉजिस्ट घेतील.

हा मार्ग निवडला तर घटनाक्रम साधारण असा असतो. फिंगोलिमोड चालू असतानाच तपासण्या करून घ्यायच्या : हिपॅटायटिस बीच्या दोन्ही चाचण्या (फक्त एचबीएसएजी पुरत नाही, अँटी-एचबीसीही हवी), टीबीची चाचणी, इम्युनोग्लोब्युलिनची (संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) पातळी, रुबेला आणि कांजिण्यांच्या अँटिबॉडी. हिपॅटायटिस बी किंवा न्यूमोकोकसची लस राहिली असेल तर ती पहिल्या सलाइनच्या आधी किमान दोन ते चार आठवडे. एमएमआर किंवा कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूची असते, ती या औषधांवर असताना घ्यायची नाही. मग फिंगोलिमोडची शेवटची गोळी, सुमारे चार आठवड्यांनी लिम्फोसाइट काउंट पाहून रिटुक्सिमॅबचा पहिला डोस, बहुधा ५०० ते १००० मि.ग्रॅ. हे अंतर लांबवायचं नाही, कारण रिबाउंडची खिडकी तिथेच उघडते. डे-केअरमध्ये बेड नाही, मेडिक्लेमची मंजुरी आली नाही, अशा कारणांनी डोस दोन महिने पुढे गेला की सगळी आखणी कोसळते. मंजुरी हातात आल्याशिवाय शेवटची गोळी गिळू नका.

रिटुक्सिमॅबच्या पत्रकावर डोसनंतर १२ महिने गर्भधारणा टाळा असं छापलेलं असतं. ते वाचून घाबरू नका आणि डॉक्टरांवर संशयही घेऊ नका. ही मोठ्या आकाराची अँटिबॉडी असते, पहिल्या तिमाहीत ती वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाही, म्हणून एमएसचे तज्ज्ञ डोसनंतर १ ते ३ महिन्यांनी प्रयत्न सुरू करायला सांगतात. सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर वर्षभर वाट न पाहता वंध्यत्वतज्ज्ञांना दाखवा. औषधाचं घड्याळ चालू असतं आणि पुन्हा डोस घ्यायचा की थांबायचं हे तेव्हा ठरवावं लागतं.

आता तुमच्या बाकीच्या गोळ्या. तुम्ही मोडाफिनिल आणि गर्भनिरोधक गोळ्या एकत्र घेताय, आणि मोडाफिनिल गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतं. मोडाफिनिल बंद केल्यावरही हा परिणाम महिना-दोन महिने राहतो. म्हणजे फिंगोलिमोडवर असताना तुम्हाला वाटतं तेवढं संरक्षण तुम्हाला नाही. आजपासूनच निरोध वापरायला लागा. बदलाचा काळ सहा महिन्यांच्या आसपास जाणार असेल तर तांबी बसवून घेणंही सोयीचं. मोडाफिनिलनेही बाळात व्यंगाचा धोका वाढतो, त्यामुळे ते प्रयत्न सुरू करण्याआधी पूर्ण थांबायला हवं. प्रिगॅबलिन एकदम सोडू नका, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरवत न्या. जळजळ असह्य झालीच तर अमिट्रिप्टिलिनचा लहान डोस हा पर्याय असतो. फॉलिक ॲसिड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्नांच्या तीन महिने आधीपासून. जीवनसत्त्व डीची पातळी तपासून कमतरता भरून काढा. गुळवेल, अश्वगंधा, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे घरी कुणी देत असेल तर नको म्हणा. तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती चुकीच्या ठिकाणी हल्ला करते आहे. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतच नोंदवले गेले आहेत.

हे सगळं होण्याआधीच चुकून दिवस राहिले, तर त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टना फोन करा. गोळी थांबवावी लागेल, पण लगेच पुढची आखणीही लागेल. गर्भपाताचा निर्णय भीतीपोटी घेऊ नका : दुप्पट धोका धरला तरी बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांची ॲनोमली स्कॅन आणि बाळाच्या हृदयाची इको करून मगच बोला.

एक गोष्ट फाइलमधून पडताळून घ्या. डोळा आणि मज्जारज्जूची सूज एनएमओ नावाच्या वेगळ्या आजारातही येते, आणि गर्भारपणात त्याची चाल एमएससारखी सौम्य नसते : अटॅक, गर्भपात आणि रक्तदाबाची गुंतागुंत, तिन्ही वाढतात. फिंगोलिमोडवर तीन वर्षं शांत गेली म्हणजे तुमचा एमएसच असण्याची शक्यता खूप जास्त, कारण एनएमओ या औषधाने बिघडतो. तरी अँटी-एक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडीचे रिपोर्ट फाइलमध्ये आहेत का ते पाहा, नसतील तर ही रक्तचाचणी आत्ता करा.

आता आई आणि सासूबाईंचं. दोघींच्याही म्हणण्यात अर्धं-अर्धं खरं आहे, आणि ते कुठे आहे हे आकड्यांतून कळतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिम्स’ या अभ्यासात १२ युरोपीय देशांतल्या एमएस असलेल्या २५४ गर्भवतींचा मागोवा घेतला होता. गर्भारपणाआधीच्या वर्षात दर बाईमागे वर्षाला सरासरी ०.७ अटॅक येत होते. शेवटच्या तिमाहीत हे प्रमाण ०.२ वर आलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते १.२ वर चढलं आणि मग हळूहळू पूर्वीच्या पातळीला आलं. म्हणजे सासूबाईंनी कुणाला बरं होताना पाहिलं असेल ते शेवटच्या महिन्यांत, आणि आईने कुणाला अंथरुणावर पाहिलं असेल ते बाळंतपणानंतर. त्या तीन महिन्यांतही दर चार बायकांतल्या जवळपास तिघींना अटॅक आला नाही. शिवाय त्या काळात बहुतेकींकडे प्रभावी औषधच नव्हतं. अलीकडच्या नोंदींत ही बाळंतपणानंतरची चढण बरीच कमी दिसते. सगळ्यात महत्त्वाचं : दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा मूल झाल्यामुळे अपंगत्व वेगाने वाढलं असं दिसलं नाही.

गर्भारपणात न्यूरोलॉजिस्टची भेट तिमाहीला एकदा पुरते, पण लघवीची तपासणी आणि कल्चर मात्र वारंवार हवं. एमएसमध्ये मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, गर्भारपणात ते आणखी अवघडतं, आणि जंतुसंसर्ग लक्षणांशिवाय शिरतो. त्या तापाने किंवा नुसत्या संसर्गानेही पाय जड होतात, जुनी लक्षणं जागी होतात आणि अटॅक आला असं वाटतं. लक्षण नवं आहे, २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आहे आणि ताप-संसर्ग नाही, तरच तो अटॅक समजायचा. संसर्ग असेल तर स्टेरॉइड न देता अँटिबायोटिक द्यायचं असतं. खरा अटॅक आला आणि चालणं किंवा दृष्टी बिघडली, तर मिथाइलप्रेडनिसोलोन दिवसाला १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात. पहिली तिमाही शक्यतो टाळायची. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन या कामासाठी नको, कारण ती वारेतून बाळापर्यंत जास्त पोचतात. सलाइन चालू असताना साखर तपासायला सांगा. एमआरआय लागलाच तर गॅडोलिनियमशिवाय, म्हणजे डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात त्या इंजेक्शनशिवाय.

सिझेरियन एमएसमुळे करावं लागत नाही. ज्या कारणाने इतर बायकांचं होतं, त्याच कारणाने तुमचं होईल. पाठीतलं इंजेक्शन, एपिड्युरल असो वा स्पायनल, एमएसमध्ये चालतं. त्याने अटॅक वाढत नाहीत हे वरच्याच अभ्यासात पाहिलं गेलं. काही भूलतज्ज्ञ आयत्या वेळी बिचकतात, म्हणून ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान त्यांची भेट घ्या आणि पायातली आत्ताची बधिरता कागदावर नोंदवून घ्या, म्हणजे नंतर तिचा दोष इंजेक्शनवर जात नाही. कळा देताना शेवटच्या टप्प्यात तुम्ही इतरांपेक्षा लवकर थकाल. व्हॅक्युम लागला तर त्यात कमीपणा मानू नका.

कोल्हापूरला जरूर जा, आईचा हात लागणारच आहे. पण जाण्याआधी तिथले प्रसूतितज्ज्ञ, एक न्यूरोलॉजिस्ट आणि डे-केअर असलेलं रुग्णालय ठरलेलं हवं, आणि पुण्याच्या डॉक्टरांचं एका पानाचं पत्र सोबत हवं : कोणतं औषध, शेवटचा डोस कधी, पुढचा कधी, अटॅक आला तर काय द्यायचं. बाळंतपणानंतरचा डोस सातव्या महिन्यातच ठरवून मंजुरीला टाका. बाळ आल्यावर कागदपत्रांमागे धावायला तुमच्या घरात कुणालाही वेळ मिळणार नाही, आणि अटॅक येतात ते नेमके त्याच आठवड्यांत. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात औषध पुन्हा सुरू करावं, असा साधारण रोख असतो.

अंगावर पाजायला काहीच हरकत नाही, उलट ते बऱ्यापैकी उपयोगाचं आहे. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा पाजणाऱ्या बायकांमध्ये बाळंतपणानंतरच्या अटॅकची शक्यता सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळली, आणि फक्त अंगावरच पाजणाऱ्यांत फायदा जास्त स्पष्ट होता. रिटुक्सिमॅब दुधात फारच थोडं उतरतं, इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामरही चालतात. फिंगोलिमोड, टेरिफ्लुनोमाइड, क्लॅड्रिबिन ही एमएसची औषधं घेताना मात्र पाजायचं नाही. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या सलाइननंतर दोन ते चार तास थांबून पाजलं की पुरे. पण पाजणं हे औषधाच्या जागी नाही. आजार आक्रमक असेल तर डोस आधी, मग बाकीचं. रात्रीचं एक पाजणं पंपने काढलेल्या दुधावर नवऱ्याने सांभाळावं. सलग चार-पाच तास झोप मिळाली नाही तर तुमचं अंग दुसऱ्या दिवशी उभं राहणार नाही.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात रिटुक्सिमॅब किंवा नॅटॅलिझुमॅब द्यावंच लागलं असेल, तर ते बालरोगतज्ज्ञांना जन्माच्या आधी सांगा. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओचे थेंब जन्मल्याबरोबर देतात, दोन्ही जिवंत लसी आहेत. रिटुक्सिमॅबनंतर बाळाच्या बी पेशी तपासून, नॅटॅलिझुमॅबनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या द्यायच्या. डोस गर्भधारणेच्या आधीचा असेल तर ही अडचण सहसा येत नाही.

माहेरच्या बाळंतिणीच्या खोलीबद्दल सांगायलाच हवं. शेकशेगडी, धुरी, कडकडीत पाण्याने न्हाणं, बंद खिडक्या : एमएस असलेल्या अंगाला हे मानवत नाही. शरीराचं तापमान अर्धा-एक अंश वाढलं तरी इजा झालेल्या नसांमधून संदेश नीट जात नाहीत, आणि पाय लुळे पडल्यासारखे वाटतात, नजर धूसर होते. अंग थंड झालं की हे जातं, कायमचं नुकसान होत नाही, पण न्हाणीघरात घसरून पडलात तर होतं. कोमट पाणी, बसायला स्टूल, खिडकी उघडी, पंखा चालू. अळीव-डिंकाचे लाडू खुशाल खा. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं काही महिने आईला किंवा दाईला करू द्या. तुमच्या हाताची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे ते तुम्हाला कळणार नाही, त्यामुळे ते दुसऱ्या कुणी कोपराने तपासावं. बाळाला उचलून जिना चढू नका. आणि रडू येणं, झोप उडणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर ते हॉर्मोनवर ढकलू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य एमएसमध्ये जास्त आढळतं आणि पाजत असतानाही त्यावर औषध घेता येतं.

बाळाला हा आजार होईल का? युरोप-अमेरिकेतल्या आकड्यांनुसार आईला एमएस असेल तर १०० मुलांपैकी सुमारे दोघांना पुढे होतो, म्हणजे ९८ जणांना होत नाही. आपल्याकडे आजाराचं मूळ प्रमाणच कमी आहे. जन्माआधी करायची यासाठी कोणतीही चाचणी नाही आणि तिची गरजही नाही.

दहा वर्षांनंतर तुम्ही चालत असाल का, हे कुणी लिहून देऊ शकत नाही. पण त्याचं उत्तर ज्या गोष्टींवर ठरतं, त्यात बाळंतपण नाही : औषध किती लवकर आणि किती सलग मिळालं, एमआरआयवर नवे डाग येतात का, घरात सिगारेट ओढली जाते का, वजन आणि रक्तदाब कसा आहे, आठवड्यातून तीन-चारदा पायांचा व्यायाम होतो का. म्हणून बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की नव्याने एमआरआय करा. गॅडोलिनियम दिलं तरी पाजणं थांबवायची गरज नसते. पुढे दर वर्षी एक, आणि रिटुक्सिमॅब चालू राहिलं तर दर डोसआधी इम्युनोग्लोब्युलिन. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी या औषधांवर असताना जास्त काटेकोरपणे करा. स्टेरॉइडचे कोर्स झाले असतील तर चाळिशीनंतर हाडांची घनता पाहा. दुसरं मूल हवं असेल तर पहिल्यानंतर किमान एक वर्ष औषधावर स्थिर जाऊ द्या.

नोकरी सोडायचा विचार आत्ताच नको. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी मातृत्व रजा तुम्हाला मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे पुढे पायांची ताकद कमी झाली तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि कामाच्या जागी सोयी मागता येतात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या पुण्याच्या शाखेत हे कागद केलेली, आणि मुलं वाढवत असलेली माणसं भेटतील. न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्याल तेव्हा तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा फोन नंबर सोबत ठेवा आणि दोघांना तुमच्यासमोर एकदा बोलायला लावा.